फुलांच्या खोलीला दुसरी खिडकी पाडू नये

पितरांच्या पंधरवड्यात मखमलाबादच्या चौकात माझ्या नावाचा जो श्रद्धांजलीचा फलक लागला, तो लागला तेव्हा मी जिवंत होते आणि शेपू निवडत होते. हे सगळ्यात आधी लिहून ठेवते, मग बाकीचं. त्या फलकापुढे ज्यांनी हात जोडले आणि नंतर मी बाजारात दिसले तेव्हा तोंड फिरवलं, जसं काही मीच त्यांना फसवलं, त्यांनी माझ्या खऱ्या दहाव्याला येऊ नये. एका माणसाला एकदाच रडायचं असतं. त्यांचं रडून झालेलं आहे.

आता नमस्कार.

मी, मालनबाई खंडेराव काकड, वय आधार कार्डाप्रमाणे अठ्ठ्याहत्तर आणि खरं माझ्या आईलाच ठाऊक, धंदा फुलं आणि माळा, शिक्षण चौथीपर्यंत नाव होतं, बसले किती ते विचारू नये, राहणार मखमलाबाद, नाशिक, हा कागद माझ्या राजीखुशीने लिहिते. कुणी धाक घातलेला नाही. मला धाक घालणारं माणूस ह्या घरात अजून जन्मायचं आहे. नशापाणी केलेलं नाही. मिसरीला नशा म्हणत नाहीत, मी वकिलाला विचारून घेतलं आहे.

डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टर निकिताबाईंनी दिला आहे. त्यांनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?" मी म्हटलं, "बुधवार. पण तुमच्या भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या महिन्याचं आहे, तुम्हाला कोण तपासतं?" दाखला लगेच मिळाला.

वकील मोहिनी आहे. पोरगी हुशार आहे. तिनं आधी हे मृत्युपत्र टाइप करून आणलं होतं. त्यात सदर मिळकत होती, उपरोक्त वारस होते, मी कुठंच नव्हते. मी म्हटलं, "मोहिनी, हे कुणाचंही असू शकतं." ती म्हणाली, "आजी, मृत्युपत्र असंच असतं." मी म्हटलं, "मग हे कुणाला तरी देऊन टाक, मी माझं लिहिते." तिनं फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघितलं आहे. बोलणं माझं आहे.

कलम पहिलं. जे माझं नाही त्याबद्दल.

मळा माझ्या मालकांच्या माघारी दोन्ही मुलांच्या, सोमनाथ आणि समाधानच्या, नावावर झाला. त्यात मी नाक खुपसत नाही. समाधाननं बांधावरचा लिंब तोडून तिथे स्वतःच्या नावाची कमान उभी केली, त्याबद्दल जे बोलायचं ते मी त्याच्या तोंडावर बोलले आहे, इथे शाई घालवत नाही. राहतं घर सोमनाथच्या नावावर आहे.

कलम दुसरं. अंगावरचं आणि भांडीकुंडी.

माझी सोन्याची पोत सोमनाथच्या बायकोला, म्हणजे सुवर्णाला द्यावी. ती सून म्हणून चांगली आहे असं मी तिच्यासमोर कधी म्हटलं नाही, इथेही म्हणत नाही. पोत द्यावी.

तांब्याचा बंब समाधानला. बाहेरून चकचकीत, आत धूर. दोघांचं जमेल.

माझी नणंद ललिता हिला पैठणी. का, ते पुढे येईल.

कलम तिसरं. बैठकीतल्या फोटोबद्दल.

बैठकीत माझ्या मालकांचा हार घातलेला रंगीत फोटो आहे. तो माझ्या मालकांचा नाही. ते गेले तेव्हा घरात त्यांचा धड एक फोटो नव्हता. कुणाच्या तरी लग्नात जिलेबी खातानाचा एक सापडला, तो सोमनाथनं स्टुडिओत नेऊन दिला. स्टुडिओवाल्यानं जिलेबी काढली आणि खाली कोट-टाय चिकटवला. मालकांनी जन्मात कोट घातला नाही. ज्याचा कोट आहे तो बिचारा अजून शोधत असेल.

तेही चाललं असतं. पण त्यानं तोंडावर सगळीकडून इतका उजेड मारला की सुरकुती गेली, देवीचे वण गेले. बैलाचं शिंग लागून डावी भुवई मधोमध तुटली होती, ती त्यानं फुकटात सांधून दिली. मी विचारलं, "हे कोण?" तो म्हणाला, "आजी, क्लियर केलंय." इतकं क्लियर केलं की माणूसच निघून गेला, सोललेला बटाटा राहिला. ललिता दर अमावास्येला येऊन त्याला हार घालते. घालू द्यावा. कुणाच्या तरी कोटाला पुण्य लागत असेल.

कलम चौथं. फुलांच्या खोलीबद्दल. हे नीट वाचावं, हा सगळा कागद त्यासाठीच आहे.

घराला लागून रस्त्याच्या अंगाला जी विटा-मातीची खोली आहे ती माझी आहे. माळा करून करून मी ती बांधली. घरपट्टी माझ्या नावावर येते आणि मीच भरते. तिला मागच्या बाजूला एक दार, पुढे अंगणात एक दार, आणि अंगणाकडे पूर्वेला एकच खिडकी, गजाची, एवढीशी. ती मुद्दाम तेवढी ठेवली आहे. गवंडी तेव्हाच म्हणाला होता, "बाई, मोठी घ्या, हवा येईल." मी म्हटलं, "हवा तुझ्या घरी घे." तोडलेल्या फुलाला ऊन लागलं की ते दुपारपर्यंत म्हातारं होतं. गुलाब, शेवंती, निशिगंध ओल्या पोत्याखाली अंधारात ठेवावे लागतात. झेंडूचं काही नाही, झेंडू निर्लज्ज आहे. म्हणून ह्या खोलीत मी कधी दिवा लावला नाही. सुईत दोरा ओवायला खिडकीपाशी बसायचं. बाकी माळ हाताला पाठ असते.

सुवर्णा ह्या घरात आली तेव्हापासून तिचा ह्या खोलीशी दावा आहे. तिला अंधार म्हणजे अस्वच्छ वाटतो. मी एकदा सप्तशृंगीला गेले, तेवढ्यात तिनं आत ट्यूब बसवून घेतली.

तर ह्या खोलीत माझी नात हर्षाली, सोमनाथची थोरली, एका सकाळी कॅमेरा घेऊन आली. ती फोटो काढायचं रीतसर शिकली आहे. म्हणाली, "आजी, तू तुझी माळ कर. माझ्याकडे बघू नको."

मी म्हटलं, "कामात असले की मी कुणाकडेच बघत नाही."

एवढ्यात सुवर्णा दारात. "अगं अंधारात कसले फोटो काढतेस? आजी दिसायच्या नाय!" आणि तिनं ट्यूब लावली. हर्षालीनं बंद केली. सुवर्णानं लावली. हर्षालीनं बंद केली.

"मम्मी, खिडकीतून येतोय ना उजेड. मला तेवढाच पाहिजे."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं काळंच ठेवायचंय."

"काळंच ठेवायचं तर एवढा महागाचा कॅमेरा कशाला घेतला? डोळे मिटून बसायचं."

परत ट्यूब लागली, परत विझली. शेवटी शेजारच्या गोटीरामनं कुंपणावरून हाक मारली, "मालनवहिनी, वायरमन आलाय का?" तेव्हा कुठे सुवर्णा लाजली. पण गेली नाही, बटणापाशीच उभी राहिली.

फोटो असा आला आहे. खिडकीकडची माझी एक बाजू दिसते. गाल, नाकातली चमकी, सुई धरलेली बोटं आणि एक शेवंतीचं फूल. गालावरची एकूण एक सुरकुती मोजून घ्यावी अशी. दुसरी बाजू नाही. म्हणजे नाहीच, तव्याच्या बुडासारखी. त्यात रंगही नाहीत, नुसता काळा आणि पांढरा. मला दाखवला तेव्हा मी विचारलं, "अर्धी कुठे ठेवलीस?"

"तू आहेस तिथे, आजी. फक्त दाखवली नाय."

"का, लाज वाटली?"

"सगळं दाखवलं की माणूस बघतो आणि पुढे जातो. थोडं झाकलं की थांबतो."

हे मात्र मला पटलं. टोपलीतसुद्धा सगळी फुलं वर मांडत नाहीत. आणि त्या काळ्या बाजूला काय आहे ते बाकीच्यांनी शोधावं, मला ठाऊक आहे. तिथे सुवर्णा उभी आहे, बटणावर बोट ठेवून.

सोमनाथनं फोटो बघितला आणि म्हणाला, "प्रिंट बिघडली का?"

कलम पाचवं. फोटोला बक्षीस मिळालं आणि त्याचं समाधाननं काय केलं.

शहरात एका हॉलमध्ये तो फोटो मोठा करून लावला होता. हर्षाली मला रिक्षानं घेऊन गेली. मी आपली मागे खुर्चीवर बसले. एक चष्मेवाली बाई फोटोपुढे थांबली आणि नवऱ्याला म्हणाली, "ही बाई कुणावर तरी चिडलीये बघ."

नवरा म्हणाला, "कशावरून? तोंड तर अर्धंच दिसतंय."

"अर्ध्यातच कळतंय."

ओळख ना पाळख, आणि तिला बरोबर कळलं. मालकांचा कोटवाला फोटो माणसं इतकी वर्षं बघतात, ते चिडके होते की हसरे हे एकाला सांगता येणार नाही. हसरे होते. चिडकी मी.

त्या दिवसापासून त्या फोटोबद्दल माझं मत बदललं, हे हर्षालीला मी सांगितलेलं नाही. आता वाचेल.

बक्षीस मिळालं म्हटल्यावर समाधानला फलक लावायचा होता. त्याला पक्षात काहीतरी पद आहे. कोणतं ते विचारू नये, त्यालाही ते पूर्ण पाठ नाही. घरात मांजर व्याली तरी चौकात त्याचा अभिनंदनाचा फलक लागतो. सुवर्णा म्हणाली, "भाऊजी, पितर चालू आहेत. घट बसल्यावर लावा."

"वहिनी, तोपर्यंत बातमी शिळी होते."

त्यानं फ्लेक्सवाल्या साईला फोन केला. मी शेजारीच होते, ऐकलं. "साई, आईचा फोटो टाकलाय तुला. मोठा घे. खाली आपलं मित्रमंडळ, नेहमीसारखं." एवढंच. बक्षीस नाही, हर्षाली नाही, अभिनंदन नाही. नेहमीसारखं.

आता तो पंधरवडा पितरांचा. त्या दिवसांत फ्लेक्सवाल्यांकडे पुण्यस्मरण आणि श्रद्धांजली ह्याशिवाय काही येत नाही. साईनं बघितलं, म्हातारी बाई, काळापांढरा फोटो, अर्धं तोंड अंधारात गेलेलं. पुढचं त्यानं स्वतःच्या डोक्यानं पूर्ण केलं. त्याचा दोष मी मानत नाही. वर "भावपूर्ण श्रद्धांजली", दोन्ही बाजूंना समया, खाली "शोकाकुल" आणि त्याखाली समाधान, काळा गॉगल लावून सगळे दात दाखवत, कारण साईकडे त्याचा तेवढाच फोटो होता.

कलम सहावं. मी मेले त्या सकाळी काय झालं.

त्या सकाळी सोमनाथ झेंडू घेऊन मालेगावला गेला होता, सुवर्णा मळ्यात फुलं तोडत होती आणि समाधान त्याच्या बंगल्यावर झोपला होता. मी फुलांच्या खोलीत शेपू निवडत होते. अंगणात माणसं जमायला लागली. आधी मला कळेना कोण गेलं. मला वाटलं गोटीराम गेला, आणि खोटं कशाला लिहू, फार वाईट वाटलं नाही. मग गोटीरामचाच आवाज आला. "बाई कडक होती. पण तराजूत कधी फूल मारलं नाय तिनं. तोंड मात्र..." आणि सगळे हसले. मग ललिता गळा काढून "वहिनी गं, मला टाकून गेलीस गं" म्हणाली, तेव्हा मला समजलं की मीच गेले आहे. मयत कुठे आहे हे कुणी विचारलं नाही, जो तो समजला दुसऱ्याला ठाऊक असेल.

उठून बाहेर जायला हवं होतं असं सगळे म्हणतात. का जायचं? माझ्यामागे लोक काय बोलतील हे ऐकायला माणसाला मरावं लागतं, मला बसल्या जागी मिळत होतं. आणि उजेडातल्या माणसाला अंधारातलं दिसत नाही, अंधारातल्याला उजेडातलं सगळं दिसतं. अंगणात लख्ख ऊन, मी आत. गजातून एकेकाचं तोंड असं दिसत होतं जसं कधी दिसलं नाही. ललिताच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती शेजारणीला विचारत होती, "तिची ती मोरपंखी पैठणी कुठं असंल गं?" म्हणून पैठणी तिला. घे बाई, आणि रडताना हिशोब करू नको.

तेवढ्यात मागच्या दारानं हर्षाली धापा टाकत आत आली. तिनं फलक बघितला होता. बाकी सगळे अंगणात गेले, ती मात्र थेट ह्या खोलीत आली. ह्या वेळी मी कुठे बसलेली असते हे तिला ठाऊक होतं.

"आजी!"

"हळू बोल. मी मेलेय."

तिनं माझा गुडघा घट्ट धरला. रडली नाही, मला रडकी माणसं आवडत नाहीत. मग तिची नजर खिडकीकडे गेली, तिथून बाहेर गेली आणि ती पुटपुटली, "आजी, उजेड बघ कसा पडलाय सगळ्यांवर." आणि तिनं पिशवीतून कॅमेरा काढला. आजी मेली काय, जिवंत सापडली काय, तिचं लक्ष उन्हावर. मी म्हटलं, ही पोरगी धंदा करणार.

मग सोमनाथ आला. त्याला चांदवडपाशी कुणीतरी मोबाइलवर फलक पाठवला होता. तो तिथूनच माघारी फिरला, घरापुढे टेम्पो रस्त्यातच सोडून धावत आला आणि ओट्याच्या खांबाला धरून रडायला लागला. "आई गं, तुला शेवटचं बघितलं पण नाय गं." सुनील ठेकेदार आधीच येऊन बसला होता, त्यानं त्याला सावरलं. सोमनाथनं नाक पुसलं आणि म्हणाला, "सुनील, दहावं होऊ दे. मग ती खोली पाडून घेऊ. रस्त्याला दुकानांची दोन शटर निघतात." आणि पुन्हा रडायला लागला.

रडणं खरं होतं. माझ्या पोटचा आहे, त्याचं खोटं रडणं मी तो पाळण्यात होता तेव्हापासून ओळखते. आणि शटरचंही खरं होतं. हर्षालीनं नेमका तेव्हाच फोटो काढला. त्यात सोमनाथच्या एका गालावर ऊन आहे आणि त्यावरचं पाणी चमकतंय, दुसरा गाल खांबाच्या सावलीत आहे. तो फोटो बघितल्यापासून मी त्याच्यावर धड रागवायचं ठरवते आहे आणि जमत नाही. जमेल. प्रयत्न चालू आहे.

तेव्हा मी दार उघडून अंगणात आले आणि म्हटलं, "दोन नाय निघत. दीड निघतं. मी मोजून बघितलंय."

ललिता आडवी झाली. सुनील पळाला, त्याची एक चप्पल माझ्याकडे आहे. सोमनाथनं माझे पाय धरले आणि पाय धरल्या धरल्याच चिडला, "तू आत बसून सगळं ऐकत होतीस?"

"मग काय, माझ्या मयताला आलेल्यांना मीच पाणी देत फिरू?"

सुवर्णा डोक्यावर पाटी घेऊन मळ्यातून आली. तिनं गर्दी बघितली, मला बघितलं, कुणाला काही न विचारता आधी खोलीत गेली आणि ट्यूब लावली.

कलम सातवं. आता देणं.

त्या दिवसापासून घरात ह्या खोलीवरून रोज वाद आहे. हर्षालीला तिथे स्वतःचं काम सुरू करायचं आहे. फुलबाजारातल्या बायका, हमाल, मळ्यातली माणसं, ज्यांचे फोटो कुणी काढत नाही किंवा काढले तर कोट घालून काढतात, त्यांना त्या एका खिडकीपाशी बसवायचं. सोमनाथ म्हणतो, लग्नाच्या ऑर्डरी घे, लख्ख फोटो काढ, नाहीतर देवळाली कॅम्पचं स्थळ आलंय ते बघ. अंधारातल्या फोटोला कोण पैसे देतं? मी म्हटलं, "अंधारातल्या फुलांनी तुला वाढवला." तो म्हणाला, "आई, ते वेगळं." काय वेगळं ते अजून सांगितलेलं नाही.

म्हणून फुलांची खोली, तिची खिडकी, दोन्ही दारं आणि आतला अंधार, हे सगळं मी माझी नात हर्षाली सोमनाथ काकड हिला देते. मोहिनी म्हणाली, अंधार मिळकतीत धरत नाहीत. लिहून ठेवायला काय जातं?

अटी येणेप्रमाणे.

खोलीला दुसरी खिडकी पाडू नये. आहे ती मोठी करू नये. शटर, काच, पत्रा काही लावू नये.

भिंतीला चुना देऊ नये. पांढरी भिंत उजेड परत फेकते आणि सावली पातळ होते, असं हर्षाली म्हणते. चुना फुलांना मानवत नाही, असं मी म्हणते. दोघींपैकी जिचं पटेल तिचं ऐकावं, पण चुना देऊ नये.

ट्यूब काढून सुवर्णाला द्यावी. तिनं ती स्वयंपाकघरात, देवघरात, स्वतःच्या कपाळावर, कुठेही लावावी.

फुलं आतच ठेवायची. नुसत्या कॅमेऱ्यावर खोली थंड राहत नाही.

समाधानला खोली कार्यालय म्हणून एका दिवसासाठीसुद्धा देऊ नये. त्याचा एक दिवस मी पाहिलेला आहे.

हर्षालीचं लग्न झालं तरी खोली तिचीच. नवऱ्यानं आत यावं, बसावं, फोटो काढून घ्यावा. सुधारणा सुचवू नयेत.

आणि कुलूप घालून कुणी खोली बंद ठेवली, मग ते कुणीही असो, तर ती गोटीरामला जाईल. गोटीरामला ती जावी असं ह्या घरात कुणालाच वाटत नाही, म्हणूनच लिहिलं आहे.

कलम आठवं. माझी हत्यारं आणि त्या सकाळचे फोटो.

माळेच्या सुया, पितळी तराजू आणि बसायचा पाट हर्षालीला. माळ तिला येत नाही, पण पाटावर बसल्याशिवाय खिडकीतलं ऊन गालावर बरोबर पडत नाही. उभ्या माणसाच्या छातीवर पडतं, छातीला कोण ओळखतं?

त्या सकाळी अंगणात काढलेले फोटो ज्याचे त्याला द्यावेत. गोटीराम हसतानाचा गोटीरामला. तो खरोखर चांगला आला आहे, त्याच्या घरच्यांनी जपून ठेवावा, पुढे लागेल. ललिताचा ललिताला, पैठणीच्या घडीत ठेवून. सुनीलला फोटो नको, चप्पल द्यावी. खांबाला धरलेला सोमनाथचा सोमनाथला. त्यानं तो भिंतीला लावू नये, कुणाला दाखवू नये. शटरची भाषा मनात आली की एकट्यानं काढून बघावा.

कलम नववं. माझ्या माघारी भिंतीवर काय लावायचं.

खिडकीपाशी काढलेला काळापांढरा फोटो लावावा, मालकांच्या कोटाशेजारी. रंग भरू नये. अर्धी बाजू शोधून काढायला स्टुडिओत देऊ नये. मागे धबधबा लावू नये, नाकात नथ घालू नये. पाहुणे म्हणतील, नीट दिसत नाही. त्यांना म्हणावं, जिवंत होती तेव्हा नीट बघितली होती का?

फलक लावल्याशिवाय समाधानला चैन पडायची नाही, तर त्यानं लावावा. नवा करू नये. जुना गोठ्यावर टाकला आहे, त्यानं गायीचा पाऊस अडतो. तोच धुऊन लावावा, मजकूर बदलायची गरज नाही. गॉगलचं त्याचं त्यानं बघावं.

कलम दहावं. हे सगळं पार कोण पाडणार.

सुवर्णा. वाचून सगळ्यांना घेरी येईल, पण तीच. सोमनाथ मायाळू आहे म्हणून वाकतो, समाधान वाकतो कारण त्याला कणाच नाही. सुवर्णा एकदा धरलं की सोडत नाही, हे मी त्या बटणावरून ओळखलं. ट्यूब लावण्यात तिनं जेवढा जोर दाखवला तेवढाच ती विझवण्यात दाखवेल. कागद तिच्या ताब्यात द्यावा.

वरचं सगळं मी स्वतः लिहिलं, मोहिनीनं मला परत वाचून दाखवलं, ते माझंच आहे. माझ्या हातचा ह्याआधीचा कुठलाही कागद कुणी काढून दाखवला तर तो खोटा आहे, कारण मी ह्याआधी काही लिहिलेलंच नाही.

सही : मालनबाई खंडेराव काकड
(अंगठा नको. सही येते.)

आम्हा दोघींच्या समोर बाईंनी सही केली आणि आम्हीही त्यांच्यासमोर सह्या केल्या :
साक्षीदार १ : डॉ. निकिता (कॅलेंडर बदललं आहे, हे बाईंच्या सांगण्यावरून नमूद)
साक्षीदार २ : अ‍ॅड. मोहिनी

ठिकाण : फुलांची खोली, मखमलाबाद, नाशिक
दिनांक : बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

सहीच्या खाली लिहिलेलं कायद्यात धरत नाहीत, असं मोहिनी म्हणते. धरेनात का, हे कायद्यासाठी नाही.

दिवाळीत हर्षालीनं बापाला विचारलं, "पप्पा, मी ह्या खोलीत माझं काम सुरू करू का?" सोमनाथ म्हणाला, "मम्मीला विचार." सुवर्णा म्हणाली, "पप्पांना विचार." पोरगी झोपाळ्यासारखी इकडून तिकडे, आणि तिला कुणी हो म्हणालं नाही की नाही म्हणालं नाही. पुण्याच्या एका लग्नाच्या स्टुडिओत तिला नोकरी मिळते आहे, सोमवारी तिला त्यांना कळवायचं आहे. मी तिला म्हटलं, "खोली माझी आहे, मी सांगते, राहा." ती म्हणाली, "आजी, तुझं हो मला ठाऊक आहे गं." म्हणजे माझं हो पुरत नाही. खोली मला देता येते, ती मी दिली. बापाचं हो माझ्या मालकीचं नाही, ते मला लिहून देता येत नाही.

म्हणून माझ्या मरणाची वाट न बघता हा कागद येत्या रविवारी सकाळी ओट्यावर मोहिनीनं मोठ्यानं वाचावा. समाधाननं मोबाइल खिशात ठेवावा. वाचून झालं की हर्षाली पुन्हा एकदा विचारेल. मी मधे बोलणार नाही, सुवर्णानंही बोलायचं नाही. सोमनाथ, उत्तर तू द्यायचं, तिच्याकडे बघून.